कामाचं लिहिणं, कामाचं बोलणं: विद्यापीठाच्या वर्षांत व्यावसायिक संवाद कसा शिकावा

माझ्या पहिल्या नोकरीचा तिसरा महिना. एका पुरवठादाराकडून सुटे भाग वेळेत येणार नव्हते आणि त्यामुळे काम आठवडाभर लांबणार होतं, एवढंच मला वरिष्ठांना कळवायचं होतं. मी ईमेल लिहायला बसलो आणि सुरुवात केली ती मागच्या महिन्यातल्या मीटिंगपासून. कोणाशी काय बोलणं झालं, कोणते पर्याय तपासले, कोणता कागद कधी हातात आला, सगळं क्रमवार लिहिलं. आपण किती कसोशीने काम केलंय हे त्यांना दिसावं, ही इच्छा होतीच. उशिराची बातमी आली सहाव्या परिच्छेदात. त्यांनी पहिले दोन परिच्छेद वाचले, काम सुरळीत चाललंय असं समजून ईमेल बाजूला ठेवला आणि ग्राहकाला जुनीच तारीख कळवून टाकली. पुढे दिलेला शब्द त्यांना मागे घ्यावा लागला. त्यांनी मला फार सुनावलं नाही, पण ती नामुष्की माझ्या लिहिण्यामुळे त्यांच्या वाट्याला आली, हे मी अजून विसरलेलो नाही.

असं लिहायची सवय मला उत्तरपत्रिकांनी लावली होती. आधी प्रस्तावना, मग पार्श्वभूमी, मग मुद्दे, शेवटी निष्कर्ष. परीक्षेत ते चालतं, कारण परीक्षकाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचावंच लागतं आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. ते आपल्यालाही ठाऊक आहे का, एवढंच त्याला पाहायचं असतं. नोकरीत दोन्ही गोष्टी उलट्या होतात. तिथे कोणावर वाचायची सक्ती नसते, आणि आपल्याला माहीत असलेलं समोरच्याला माहीत नसतं, म्हणून तर आपण लिहितो. आपल्याला किती येतं हे दाखवत बसण्याऐवजी समोरच्याचं पुढचं काम सोपं करून द्यायचं, हे वळण अंगी लागलं की व्यावसायिक संवादाचा मोठा भाग शिकून झाला, असं माझं मत आहे. पदवीची तीन-चार वर्षं त्यासाठी पुरेशी आहेत. शिवाय तिथे चूक झाली तर फार तर दोन गुण जातात, कोणाचा सौदा मोडत नाही.

पहिली पायरी: लिहिण्याआधी तीन प्रश्न

ईमेल असो, अहवाल असो की पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन, सुरू करण्याआधी कागदावर तीन उत्तरं लिहा. हे कोण वाचणार किंवा ऐकणार? त्याला या विषयातलं आधीपासून काय माहीत आहे? आणि वाचून झाल्यावर त्याने नेमकं काय करावं अशी माझी अपेक्षा आहे? ही उत्तरं मनातल्या मनात देऊ नका. मनात ती नेहमी स्पष्ट वाटतात, कागदावर उतरवताना गोंधळ उघडा पडतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'त्यांना माहिती मिळावी' असं येत असेल तर अजून विचार व्हायचा आहे. माहिती मिळून पुढे काय? मंजुरी द्यायची, दोन पर्यायांतला एक निवडायचा, एखादी तारीख बदलायची, की काहीच करायचं नाही, फक्त नोंद ठेवायची? 'काहीच करायचं नाही' हेही चांगलं उत्तर आहे, पण मग ते पहिल्या ओळीत सांगून टाका. वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

दुसरा प्रश्न सर्वांत अवघड. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काहींना सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं आणि दुसऱ्यांना तो ऐकून गाणं ओळखायला सांगितलं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं घुमत असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. आपल्या प्रोजेक्टबद्दल दुसऱ्या शाखेच्या माणसाशी बोलताना नेमकं हेच होतं. तीन महिने त्यात बुडालेले असल्यामुळे आपल्याला गाणं ऐकू येत असतं.

यावरचा सराव असा. तुमचा चालू प्रोजेक्ट तीन वेगवेगळ्या माणसांसाठी प्रत्येकी पाच ओळींत लिहा: तुमच्या मार्गदर्शकांसाठी, अगदी वेगळ्या शाखेतल्या विद्यार्थ्यासाठी आणि खर्चाला मंजुरी देणाऱ्या कार्यालयातल्या माणसासाठी. तिन्ही मजकूर जवळपास सारखे निघाले तर वाचणाऱ्याचा विचार झालेला नाही, असं समजा. मार्गदर्शकांना पद्धत हवी असते, मित्राला हे सगळं कशासाठी चाललंय ते हवं असतं आणि कार्यालयाला रक्कम, कारण आणि तारीख हवी असते.

दुसरी पायरी: ईमेल

नोकरीत सर्वांत जास्त लिहिलं जातं ते हेच, आणि विद्यापीठात सर्वांत कमी शिकवलं जातं तेही हेच. म्हणून इथे जरा थांबू.

विद्यार्थ्याचा नेहमीचा ईमेल कसा असतो ते आठवा. विषयाच्या जागी 'प्रोजेक्टबाबत' किंवा काहीच नाही. मग 'आदरणीय मॅडम, आपण बऱ्या असाल अशी आशा आहे. मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी असून आमच्या गटात चार जण आहेत. आम्ही गेले काही दिवस विषयाच्या शोधात होतो...' आणि आठ ओळींनंतर 'तरी आपण मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती'. यात उद्धटपणा कुठेच नाही, नम्रता भरपूर आहे. पण मॅडमना करायचं काय आहे आणि कधीपर्यंत, हे त्यांना स्वतःच शोधून काढावं लागतं. तोच मजकूर असा लिहून पाहा:

विषय: प्रोजेक्टच्या विषयाला मंजुरी हवी, शुक्रवार १४ तारखेपर्यंत

नमस्कार मॅडम,

आमच्या गटाच्या प्रोजेक्टच्या विषयाला तुमची मंजुरी हवी आहे. विभागाकडे विषय नोंदवण्याची शेवटची तारीख शुक्रवार, १४ आहे.

विषय: ग्रंथालयाची पुस्तकं उशिरा परत येण्याची कारणं.

एक पानाचा आराखडा सोबत जोडला आहे. त्यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे किती विद्यार्थ्यांशी बोलावं यावर, तुमचं मत विशेष हवं आहे.

प्रत्यक्ष बोलणं सोयीचं असेल तर गुरुवारी दुपारी २ ते ४ या वेळेत मी विभागात येऊ शकतो.

खाली नाव, वर्ग, गट क्रमांक. संपलं. मॅडम हा ईमेल फोनवर, दोन तासिकांच्या मधल्या वेळात वाचून 'हो' म्हणू शकतात. आदर इथेही आहे, कारण त्यांचा वेळ वाचवणं हाच मोठा आदर आहे.

काही सवयी याच काळात लावून घ्या. विषयओळीत काम आणि तारीख यावी, कारण महिन्याभराने तोच ईमेल शोधताना ती ओळच हाताशी असते. एका ईमेलमध्ये शक्यतो एकच मागणी ठेवा. दोन ठेवल्या की सोप्या मागणीला उत्तर येतं आणि अवघड तशीच राहते. फाइलला 'फायनल_नवीन_२' असं नाव देऊ नका. गटाचं नाव, विषय आणि तारीख असं नाव दिलं की ज्याच्या संगणकावर अशा चाळीस फाइली येतात त्यालाही ती सापडते. अटॅचमेंट आधी जोडा, मजकूर नंतर लिहा आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता सर्वांत शेवटी भरा, म्हणजे अर्धवट ईमेल चुकून जाणार नाही.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात कार्बन पेपर घालून काढलेली प्रत, ती ज्याला नुसती माहितीसाठी द्यायची त्याच्यासाठी. आजही अर्थ तोच आहे: ज्याने काम करायचं त्याचं नाव 'टू'मध्ये, ज्याला फक्त कळायला हवं त्याचं सीसीमध्ये. एखाद्यावर दबाव आणायला त्याच्या वरिष्ठांना सीसीत घेतलं तर काम कदाचित होईल, पण त्या माणसाशी असलेलं नातं बिघडेल. आधी त्याला एकट्याला लिहा, मग आठवण करा, त्यानेही भागलं नाही तर फोन करा. वरिष्ठांना घ्यायचंच असेल तर त्याला तसं सांगून घ्या. बीसीसीचा एक चांगला उपयोग आहे: अनेकांना एकच सूचना पाठवताना त्यांचे पत्ते एकमेकांना दिसू नयेत म्हणून.

सुराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण इथे हुशार मुलंही फसतात. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना ईमेलमधून गंभीर आणि उपरोधिक वाक्यं पाठवायला सांगितलं होतं. आपला सूर ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. ओळखला गेला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जरासाच बरा. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. 'बरं, ठीक आहे' हे तुम्ही मोकळ्या मनाने लिहिलं तरी थकलेल्या माणसाला त्यात नाराजी दिसू शकते. म्हणून कामाच्या ईमेलमध्ये उपरोध नकोच. राग आला असेल तर ईमेल लिहा, पण पत्त्याची जागा रिकामी ठेवून मसुद्यात सोडा. सकाळी वाचा. माझ्या अनुभवात असे निम्म्याहून जास्त मसुदे सकाळी फोनवरच्या दोन मिनिटांच्या बोलण्याने निकालात निघाले.

ग्रुप चॅटलाही हेच लागू आहे, फक्त छोट्या प्रमाणात. 'हाय, आहेस का?' एवढंच लिहून वाट बघत बसू नका. पहिल्याच संदेशात प्रश्न विचारा: 'सर्वेक्षणाची शीट तुझ्याकडे आहे का? मला आज ६ पर्यंत हवी आहे.' आणि चॅटवर झालेला निर्णय ईमेलने किंवा सामायिक डॉक्युमेंटमध्ये नोंदवा, नाहीतर दोन आठवड्यांनी तो कोणालाच सापडत नाही.

तिसरी पायरी: मुख्य गोष्ट आधी

माझ्या त्या ईमेलमधली चूक किती महागात पडू शकते याचं एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं असं मला वाटतं. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी बाहेरच्या इंधनटाकीवरून फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो स्लाइड्समधून मांडला. त्यातल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचं शीर्षक वाचून काळजीचं फारसं कारण नसावं असं वाटत होतं. पण त्याच स्लाइडवर अगदी तळाशी, मुद्द्याच्या उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात एक आकडा होता: ज्या चाचण्यांच्या आधारावर हे सांगितलं जात होतं त्यांत तुकडा ३ घनइंचांचा होता, प्रत्यक्षात आदळलेला सुमारे १,९२० घनइंचांचा. म्हणजे सहाशे पटींहून मोठा. चाचण्यांचा आधार घेता येणार नाही, ही खरी बातमी होती आणि ती तळाशी पडून राहिली. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं आणि सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. अपघाताची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळा दोष टाकता येणार नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. ही स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाला, प्रश्न जिवावरचा आहे, हे कळलं नाही तर त्यात नवल नाही, अशा अर्थाची नोंद त्यात आहे.

अहवाल लिहिताना म्हणून क्रम उलटा करा. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष आणि शिफारस, त्यानंतर त्याची दोन-तीन कारणं, मग पुरावा, आणि पद्धत-पार्श्वभूमी शेवटी किंवा परिशिष्टात. प्राध्यापकांना नेहमीचा क्रम हवा असेल तर तो पाळा, पण सुरुवातीला अर्ध्या पानाचा सारांश स्वतःहून जोडा. तो असा लिहा की बाकीचा अहवाल हरवला तरी वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा.

स्लाइडच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो: शीर्षकाच्या जागी विषय न लिहिता पूर्ण वाक्य लिहा. 'सर्वेक्षणाचे निकाल' हा विषय झाला. 'पुस्तक उशिरा परत येण्याचं मुख्य कारण दंड नसून परतीची वेळ गैरसोयीची असणं हे आहे' हे वाक्य झालं, आणि खालचा आलेख ते सिद्ध करतो की नाही हे कोणालाही तपासता येतं. सगळ्या स्लाइड्स तयार झाल्या की फक्त शीर्षकं एकाखाली एक मांडून वाचा. त्यांतून सलग गोष्ट उभी राहत नसेल तर रंग आणि फाँट बदलून काही होणार नाही, मांडणीकडे परत जा.

काही ठिकाणी स्लाइड्सना फाटाच दिला जातो. अॅमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या मीटिंगमधून स्लाइड्स काढून टाकल्या आणि त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेलं सहा पानांपर्यंतचं टिपण आणलं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात, चर्चा नंतर. तुमच्या गटात एकदा हे करून पाहा, दोन पानांचं टिपण पुरे. सुट्या मुद्द्यांमध्ये 'म्हणून', 'तरीही', 'कारण' हे शब्द गाळता येतात. सलग लिहिताना ते लिहावेच लागतात, आणि विचारातली फट तिथेच दिसते.

चौथी पायरी: नको असलेलं सांगणं

उशीर, नकार, चूक. हे तीन विषय विद्यार्थी सर्वांत जास्त टाळतात, आणि नोकरीतला विश्वास यांवरच उभा राहतो.

उशीर होणार हे कळलं त्या दिवशी सांगा, मुदतीच्या दिवशी नव्हे. सांगताना चार गोष्टी: काय होणार नाही, नवी तारीख कोणती, त्या तारखेपर्यंत समोरच्याला काय देता येईल, आणि कारण एका वाक्यात. 'सर, विश्लेषणाचा भाग सोमवारऐवजी गुरुवारी देऊ. माहिती गोळा झाली आहे आणि ती आज पाठवत आहे. दोन जणांच्या नोंदी अपुऱ्या असल्याने पुन्हा भेट घ्यावी लागली.' कारण लांबलं की सबब वाटू लागतं, खरं असलं तरी.

नकार देताना पहिल्या वाक्यात नकार असू द्या, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात जमण्यासारखं काही. 'बघतो', 'प्रयत्न करतो' असं म्हणणं आपल्याला सौजन्य वाटतं, पण समोरचा त्यावर विसंबून राहतो आणि शेवटच्या दिवशी तोंडघशी पडतो.

चूक झाली तर 'चूक झाली' आणि 'माझ्याकडून चूक झाली' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसरं वाक्य म्हणायला शिका. आणि तिथेच थांबा. चार वेळा माफी मागितली तर समोरच्याला आपली समजूत काढत बसावं लागतं. काय दुरुस्त केलं आणि कधीपर्यंत करणार, हे सांगा.

पाचवी पायरी: उभं राहून बोलणं

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत एक आकडेवारी हमखास ऐकायला मिळते: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. तिच्यावर विसंबू नका. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून ती आली, आणि ते प्रयोग फार मर्यादित प्रश्नाबद्दल होते: सुटा शब्द, तो म्हणणारा आवाज आणि चेहऱ्याचं छायाचित्र यांत विसंगती असेल तर भावना ओळखताना ऐकणारा कशावर जास्त भरवसा ठेवतो. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे. शब्द ७ टक्केच मोलाचे असते तर परक्या भाषेतलं व्याख्यान आपल्याला जवळजवळ पूर्ण कळायला हवं होतं. तेव्हा आधी काय बोलायचं ते पक्कं करा, हातवारे नंतर.

सरावाची जी पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली ती शंभर वर्षं जुनी आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा आना इथे टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब सुरू केला. आज अनेक देशांत आणि कित्येक विद्यापीठांतही हे क्लब आहेत. तयारी करून दिलेलं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. हिरवा, पिवळा आणि लाल दिवा वेळ दाखवतो. एक जण 'अं', 'म्हणजे', 'तर मग' असे भरीचे शब्द मोजतो आणि एक जण भाषणाचं मूल्यमापन सर्वांसमोर करतो. शिवाय आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. तुमच्याकडे क्लब नसला तरी पाच-सहा मित्र, रिकामा वर्ग आणि फोनवरचं घड्याळ एवढ्यावर हे उभं राहतं. आठवड्यातून एक तास, अख्खं सत्र. सदस्य मात्र वेगवेगळ्या शाखांचे घ्या. एकाच वर्गातल्या मुलांना एकमेकांची टकटक गाण्यासारखी ऐकू येते.

फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि तीनदा तपासा. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त ऐका: कुठे वेग वाढला, कुठे वाक्याचा शेवट गिळला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाहा. तिसऱ्यांदा जे बोललात ते कागदावर जसंच्या तसं उतरवा. हे तिसरं काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत फायद्याचं आहे. आपण किती वाक्यं अर्धी सोडतो, हे लिहून काढेपर्यंत कळत नाही.

पूर्ण भाषण पाठ करू नका. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू द्या, मधल्या भागाचा फक्त क्रम लक्षात ठेवा. भरीचा शब्द तोंडात आला की तो गिळून थांबा. बोलणाऱ्याला तो एक सेकंद युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा जाणवतही नाही. घाबरण्याबद्दल लोक विचारतात. भीती पूर्ण जात नाही, पण दहाव्या वेळी ती पहिल्या वेळेसारखी राहत नाही. म्हणून आधीच्या नऊ वेळा लवकर उरकून घ्याव्यात.

प्रश्नोत्तरांत उत्तर येत नसेल तर 'हे मला आत्ता नक्की माहीत नाही, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो' म्हणा, आणि खरंच कळवा. ही कळवण्याची सवय फार थोड्यांना असते.

सहावी पायरी: ऐकणं आणि मीटिंग

गटाच्या मीटिंगमध्ये टिपणं घ्यायचं काम कोणालाच नको असतं. तुम्ही ते मागून घ्या. एका पानावर तीन रकाने आखा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण काय म्हणालं याचा इतिहास नको. मीटिंग संपायच्या आधी तीन रकाने मोठ्याने वाचून दाखवा, तिथल्या तिथे दोन तरी दुरुस्त्या निघतील. त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा. हे काम करणारा माणूस नीट ऐकायला शिकतो, कारण अस्पष्ट बोलणं रकान्यात बसत नाही आणि त्याला विचारावंच लागतं: 'म्हणजे आलेख तू करणार, बुधवारपर्यंत, बरोबर ना?'

तोंडी सूचना घेताना हीच युक्ती वापरा. समोरच्याचं बोलणं झाल्यावर आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा. प्रयोगशाळेत, इंटर्नशिपमध्ये, कार्यालयात, कुठेही.

सातवी पायरी: अभिप्राय मागण्याची रीत

'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' असंच उत्तर येतं. मित्राला तुमचं मन मोडायचं नसतं आणि नेमकं काय बघायचं हेही त्याला माहीत नसतं. त्याऐवजी मसुदा द्या आणि सांगा की जिथे थांबून पुन्हा वाचावं लागलं तिथे पेन्सिलने रेघ मार. कारण सांगायची गरज नाही. मग मसुदा काढून घ्या आणि विचारा, 'मला तुझ्याकडून काय हवंय, एका वाक्यात सांग.' त्याचं वाक्य आणि पहिल्या पायरीत तुम्ही कागदावर लिहिलेलं उत्तर जुळलं तर मसुदा पाठवण्याजोगा आहे. जुळलं नाही तर 'तू नीट वाचलं नाहीस' असं म्हणण्याचा मोह आवरा. नोकरीतला वाचणारा याहून घाईत असणार आहे.

अनेक विद्यापीठांत लेखन केंद्र किंवा भाषा विभागाकडून सल्ल्याची सोय असते. तिथे अपूर्ण मसुदा घेऊन गेलात तर जास्त मिळतं. पूर्ण झालेल्या मसुद्यात आपला जीव अडकलेला असतो.

मजकूर लिहून देणाऱ्या एआय साधनांबद्दल माझं मत असं: पहिला मसुदा स्वतः लिहा, मग त्या साधनाला 'यात काय अस्पष्ट आहे' असं विचारा. उलट क्रमाने गेलात तर वाक्यं गुळगुळीत येतील, पण समोरच्याला काय हवंय याचा विचार तुमच्याकडून झालेलाच नसेल, आणि मीटिंगमध्ये एक उपप्रश्न आला की ते उघड होईल. विद्यापीठाचे याबाबतचे नियम आधी पाहा. इतरांची खासगी माहिती किंवा इंटर्नशिपमधली कागदपत्रं तिथे टाकू नका.

वर्षांची आखणी

पहिल्या वर्षी फक्त ईमेल आणि टिपणं. प्रत्येक ईमेल तीन प्रश्नांतून काढायचा आणि प्रत्येक गटकामात तीन रकाने स्वतः भरायचे. दुसऱ्या वर्षी बोलण्याचा गट उभा करा आणि एखाद्या कार्यक्रमाच्या समितीत शिरा. समितीत बाहेरच्या माणसांना पत्रं लिहावी लागतात, पैसे मागावे लागतात, नकार ऐकावे लागतात. वर्गात हे मिळत नाही. व्यावसायिक संवादाचा वैकल्पिक विषय असेल तर तो घ्या, पण लेखी परीक्षेपेक्षा मसुदे तपासून परत देणारे शिक्षक निवडा. त्यानंतर इंटर्नशिप. तिथे रोज संध्याकाळी पाच ओळींत लिहा: आज कोणाचं लिहिणं किंवा बोलणं नीट कळलं आणि कशामुळे. चांगले नमुने कामाच्या ठिकाणीच सापडतात. कामाची भाषा तुमच्या घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर याच वहीत त्या भाषेतली तयार वाक्यं जमवा: मुदत वाढवून मागण्याचं, असहमती दाखवण्याचं, आठवण करून देण्याचं. व्याकरण सुधारायला वेळ लागतो, अशी तीस वाक्यं महिन्याभरात तोंडात बसतात.

आणि पहिल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवा. त्यात प्रत्येक सत्रातल्या दोन-तीन मजकुरांचा पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा, दोन्ही. मुलाखतीत 'तुमचं संवादकौशल्य कसं आहे?' असं विचारतात तेव्हा बहुतेक जण विशेषणं सांगतात. तुम्ही एक प्रसंग सांगा, चार टप्प्यांत: परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केलं, त्यातून काय झालं. त्यातलं 'तुम्ही काय केलं' सर्वांत लांब असू द्या. आणि त्यांना रस दिसला तर फोल्डरमधले ते दोन मसुदे शेजारी शेजारी ठेवून पहिल्या ओळीत काय बदललं आणि कोणासाठी बदललं, ते दाखवा.